लांबलचक रिपोर्ताज ऐकणारे कोण कोण आहेत इथे?

रानजाई

पॉडकास्टबद्दल इथे आधीही धागे निघालेत पण त्यात बहुतेक मुलाखती, गप्पा आणि खुनाच्या गोष्टी. मला विचारायचंय ते जरा वेगळं. आठ-दहा हजार शब्दांचा लेख, म्हणजे रिपोर्ताज, लिहिणाऱ्याने महिनोन् महिने फिरून, माणसांना भेटून, कागद चाळून लिहिलेला, कुठल्यातरी मासिकात नाहीतर पेपरात छापून आलेला, आणि तोच जसाच्या तसा कुणीतरी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतंय. मध्ये गप्पा नाहीत, पाहुणे नाहीत. असं नियमित ऐकणारे कोण आहेत?

मला ही सवय लागली ऑफिसच्या बसमुळे. हिंजवडीचा ट्रॅफिक पुणेकरांना सांगायला नको, आणि हलत्या बसमध्ये फोनवर वाचलं की मळमळतं. गार्डियनच्या लाँग रीडचा ऑडिओ, न्यूयॉर्क टाइम्सचं रविवारचं 'संडे रीड', आणि इकॉनॉमिस्टचा तर २००७ पासून अख्खा अंक शब्दन् शब्द वाचलेला मिळतो. हिशोब सोपा आहे, माणूस नीट वाचतो तेव्हा मिनिटाला साधारण दीडशे शब्द होतात, म्हणजे नऊ हजार शब्दांचा लेख एका तासात.

मला सगळ्यात जास्त काय पटलं तर असे लेख ऐकताना शेवटपर्यंत पोचतात. स्क्रीनवर वाचताना तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदाला मेसेज येतो, मग दुसरी टॅब, मग तो लेख 'नंतर वाचू' मध्ये जाऊन पडतो तो कायमचा. आणि रिपोर्ताजमध्ये खरा ऐवज बरेचदा उत्तरार्धात असतो, जिथे लेखक दुसऱ्यांदा त्याच माणसाकडे जातो आणि तो माणूस पहिल्यांदा जे बोलला नव्हता ते बोलतो. तिथपर्यंत जाणारे वाचक कमी, ऐकणारे जास्त असावेत असं मला वाटतं.

तर तुम्ही काय ऐकता, आणि मराठीत असं काही आहे का? दिवाळी अंकांमध्ये इतके भक्कम रिपोर्ताज येतात, अनिल अवचटांनी माणसांत जाऊन लिहिणं म्हणजे काय ते आपल्याला दाखवलं, आणि ते सगळं कागदावरच राहिलंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घाटमाथ्यावरून

मी आहे. कोल्हापूर-पुणे-कोल्हापूर गाडी चालवतो कामासाठी, आठवड्यातून किमान एकदा, कधी सोलापूरकडे. गाणी ऐकून ऐकून कंटाळा आला तेव्हा एका मित्राने 'इन द डार्क' या पॉडकास्टचा दुसरा सीझन ऐक म्हणून सांगितलं. हा छापील लेख वाचून दाखवलेला नाही, आवाजातच केलेली पत्रकारिता आहे, म्हणजे ताईंच्या व्याख्येत बसत नाही कदाचित पण तरी सांगतो कारण त्याच्याएवढं ताकदीचं मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यात विनोना नावाचं छोटं गाव. १९९६ साली तिथे एका फर्निचरच्या दुकानात चार माणसांचा खून झाला. कर्टिस फ्लॉवर्स नावाच्या काळ्या तरुणाला पकडलं आणि त्याच एका गुन्ह्यासाठी त्याच्यावर सहा वेळा खटला चालवला. सहा वेळा! सरकारी वकील सहाही वेळा तोच. पॉडकास्ट करणारी पत्रकार मॅडलिन बारान आणि तिची टीम जवळजवळ वर्षभर त्या गावात जाऊन राहिली, कोर्टांच्या दप्तरखान्यात बसून लाखाच्या वर पानं स्कॅन केली आणि त्यातून काढलं की त्या वकिलाच्या ऑफिसने सव्वीस वर्षांच्या खटल्यांमध्ये काळ्या माणसांना ज्युरीतून (खटल्याचा निकाल देणारे सामान्य नागरिक) गोऱ्यांच्या जवळपास साडेचार पट प्रमाणात वगळलंय.

आता हा आकडा छापूनही कळला असता. पण तुरुंगातला एक साक्षीदार होता, ज्याने कोर्टात सांगितलं होतं की फ्लॉवर्सने माझ्याकडे कबुली दिली, तो फोनवर स्वतःच्या तोंडाने सांगतो की मी खोटं बोललो होतो. तो आवाज ऐकताना मी खंबाटकी उतरत होतो, पुढे गाडी बाजूला घेतली आणि थांबून परत ऐकलं. त्याच्या बोलण्यात ना पश्चात्ताप ना काही, एखाद्याने जुना पत्ता सांगावा तसा सांगतो. हे वाक्य कागदावर वाचलं असतं तर मी त्या माणसाला माझ्या मनाने एक सूर दिला असता, रडवेला नाहीतर निगरगट्ट, आणि दोन्ही चूक ठरले असते.

२०१९ ला सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, ज्युरीच्या निवडीच्या मुद्द्यावर, आणि २०२० च्या सप्टेंबरात आरोपच मागे घेतले गेले. पॉडकास्टमुळे सुटला असं सरळ म्हणणं बरोबर नाही, त्याचे वकील वर्षानुवर्षं लढत होते. पण साक्षीदार खोटं बोलला हे बाहेर आलं ते यांच्यामुळे.

सहज_सुचलं

माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितो. ऐकताना छान वाटतं पण दोन दिवसांनी कुणी विचारलं की लेखात काय होतं तर मला सूर आठवतो, तपशील आठवत नाही. कुठल्या कंपनीने किती कर्ज घेतलं, कुणाला कधी दिलं, कोण कुणाचा मेव्हणा, हे असे लेख मला डोळ्यांपुढेच लागतात. पाच नावं एका परिच्छेदात आली की ऐकणारा संपला. वाचताना नजर मागे जाते, परत येते, आपल्याला कळतही नाही. ऐकताना पंधरा सेकंद मागे जायचं बटण दाबायला हात मोकळा लागतो आणि तो मोकळा असता तर माणूस वाचतच बसला असता ना.

शोधपत्रकारितेचा हेतू हाच असेल की लोकांना पुरावा कळावा, तर पुराव्याच्या लेखासाठी कागद हवा. माणसाच्या गोष्टीसाठी आवाज चालेल.

रानजाई

@सहज_सुचलं, कर्जाच्या आकड्यांचे लेख मीही वाचतेच. पण चांगले लोक आता लिहितानाच ऐकणाऱ्याचा विचार करतात असं मला जाणवतं. नाव दुसऱ्यांदा आलं की सोबत 'तो दुकानाचा मॅनेजर' असं परत सांगतात. त्याने छापील लेखाचंही भलं होतं.

@घाटमाथ्यावरून, व्याख्या वगैरे काही नाही हो, दोन्ही चालेल. उलट दोन्हीत फरक काय ते तुमच्या प्रतिसादातून नीट कळलं. आवाजासाठी केलेल्या कामात साक्षीदार स्वतः बोलतो. वाचून दाखवलेल्या लेखात साक्षीदारही निवेदकाच्याच आवाजात येतो, त्यामुळे तिथे निवेदकावर जबाबदारी फार.

स्पर्शलिपी

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, बँकेत नोकरी करते, आणि मी वाचते ते सगळं कानांनीच, त्यामुळे या विषयावर माझं जरा जास्त लिहून होईल, सांभाळून घ्या.

ऐकून लक्षात राहत नाही हे सवयीवर आहे. मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, ज्या वेगाने ऐकते तो तुमच्यातल्या बहुतेकांना बडबड वाटेल. माझी संपूर्ण पदवी मी अशी केली. आकडे, नावं, कलमं, सगळं. मागे जायला मला बटण शोधावं लागत नाही, दोन बोटांचं काम आहे. तेव्हा पुराव्यासाठी कागदच हवा हे मला मान्य नाही.

दुसरं, इथे सगळे माणसाच्या आवाजाच्या बाजूने आहात असं दिसतंय. मला मशीनचा आवाज आवडतो हे सांगायला हवं. तो मला काय वाटावं ते सांगत नाही. रडक्या प्रसंगाला आवाज जड करत नाही. मी माझ्या वेगाने जाते, मनात माझा सूर लावते, तुम्ही छापील वाचताना लावता तसाच. रिपोर्ताज माणसाने वाचलेला मलाही आवडतो, पण अभिनय सुरू झाला की मी बंद करते.

मराठीतलं मशीन मात्र अजून कच्चं आहे. 'जग' मधला ज आणि 'जगन्नाथ' मधला ज त्याला वेगळा कळत नाही. 'रु.' आणि 'डॉ.' च्या टिंबाला वाक्य संपलं समजून थांबतं. 'स. १०' ला काय वाचेल सांगता येत नाही. तरी हे सगळं चालवून घेता येतं. चालवून घेता येत नाही ती गोष्ट म्हणजे दिवाळी अंकांच्या पीडीएफ. डोळस माणसाला पान सुंदर दिसतं, पण आतला मजकूर जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतो, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरांत, नाही, त्यामुळे माझा रीडर तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती रास वाचतो. ई-पेपर तर बरेचदा निव्वळ चित्र असतं. वर्गणी भरून अंक घ्यायचा आणि एक ओळ वाचता यायची नाही. मी संपादकांना मेल करते, एका संपादकांनी मला वर्डच्या फायली पाठवल्या, युनिकोडमध्ये, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण प्रत्येक लेखासाठी असं हात पसरावं लागणं बरोबर नाही.

कायदा आमच्या बाजूने आहे बरं का. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करायला परवानगी आहे, आणि दृष्टिहीनांसाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश होता, २०१४ साली. अडलंय ते फाँटपाशी आणि आळसापाशी.

घाटमाथ्यावरून

@स्पर्शलिपी ताई, पीडीएफचं हे खरंच माहीत नव्हतं. माझ्या ओळखीत अंकाचं डीटीपी करणारे दोघं आहेत, उद्याच विचारतो युनिकोडमध्ये द्यायला अडचण काय येते ते.

एडिसनचा_पक्या

इकडे न्यूजर्सीत ट्रेनने मॅनहॅटनला जाणारे निम्मे लोक कानात काहीतरी घालून असतात आणि त्यातले पुष्कळ हेच ऐकत असतात. ऑडम नावाचं एक ॲप होतं, ते मोठमोठ्या मासिकांचे लेख व्यावसायिक निवेदकांकडून वाचून घ्यायचं. २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते विकत घेतलं आणि त्याच वर्षी पुलित्झर या अमेरिकेतल्या पत्रकारितेच्या पुरस्कारांमध्ये ऑडिओ पत्रकारितेचं बक्षीस पहिल्यांदा दिलं गेलं, 'धिस अमेरिकन लाइफ' या रेडिओ कार्यक्रमाच्या एका भागाला. लोकांना हे सगळं काल-परवाचं वाटतं. पण मला या विषयात सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट १९४६ ची आहे.

जॉन हर्सीचा हिरोशिमावरचा लेख. न्यूयॉर्कर मासिकाने ३१ ऑगस्ट १९४६ चा अख्खा अंक त्या एका लेखाला दिला, सुमारे एकतीस हजार शब्द, बॉम्बमधून वाचलेल्या सहा जणांची हकीकत. अंक हातोहात संपला. मग एबीसी रेडिओने तो लेख चार संध्याकाळी, अर्धा-अर्धा तास, वाचून दाखवला. त्याच वर्षी बीबीसीनेही. विचार करा, युद्ध संपून वर्ष झालंय, ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशातल्या घराघरात, जेवणाच्या टेबलावर, त्या सहा जणांचं सकाळी आठ वाजून पंधरा मिनिटांनी काय चाललं होतं ते ऐकू येतंय. कारकून मुलगी मान वळवून शेजारणीशी बोलायला लागलीये, शिंपिणबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्याचं घर पाडताना बघतेय. हर्सीने त्यात स्वतःचं मत कुठे घातलेलं नाही. तसला मजकूर मोठ्याने वाचायला सर्वात योग्य, कारण निवेदकाला काही वाढवावं लागत नाही.

स्पर्शलिपी ताईंचं अभिनयाबद्दलचं म्हणणं म्हणूनच शंभर टक्के पटलं.

जुना_श्रोता

सर्वांचे प्रतिसाद वाचून बरे वाटले. वय ७१, ठाणे. मी आकाशवाणीवर वाढलेला माणूस. तेव्हा रूपक नावाचा प्रकार असे, निवेदन, ध्वनिमुद्रित आवाज, प्रत्यक्ष ठिकाणचे नाद, हे सगळे एकत्र गुंफून अर्ध्या तासाचा कार्यक्रम. धरणग्रस्तांवर, गिरणगावावर, दुष्काळावर अशी रूपके मी ऐकलेली आहेत आणि काही ऐकून झोप आलेली नाही. लाँगफॉर्म ऑडिओ म्हणजे आणखी वेगळे काय हो?

आपल्याकडे ही परंपरा पुढे का वाढली नाही याचे एक कारण कुणी बोलत नाही. खाजगी एफएम वाहिन्यांना आपल्या देशात स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते एवढेच. त्यामुळे शहराशहरांत इतकी रेडिओ केंद्रे निघाली, चांगले निवेदक तयार झाले, पण आवाजाची पत्रकारिता शिकलेली एक पिढी तयार व्हायला हवी होती ती झाली नाही. ती पिढी नसल्याने आज इंटरनेटवर बंधन नसतानाही शोधून, फिरून, ध्वनिमुद्रण करून आणणारे हात नाहीत.

आणि मोठ्याने वाचून विषय लोकांपर्यंत नेणे ही काही परकी रीत नव्हे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा त्याची प्रकरणे पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवली, बडोद्याला सयाजीराव महाराजांनाही ऐकवली. उपोद्घातात त्यांनीच लिहून ठेवले आहे. ज्याच्याबद्दल लिहिले त्या शेतकऱ्याला अक्षरओळख नव्हती, मग त्याच्यापर्यंत पोचायचे कसे, तर वाचून. शेतसारा, कर्ज, पाटबंधारे, सरकारी कामगारांची लाचखोरी, सगळा रोखठोक मजकूर आहे तो.

सोलापुरी_चादर

काका, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. माझी आज्जी विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी बाया सूप मांडीवर घेऊन बसायच्या, पानं कापायची, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा, आणि कान मोकळे. रेडिओ दिवसभर चालू असायचा. हात गुंतलेले आणि कान मोकळे असणारं काम ज्यांचं आहे त्यांच्यासाठी ऐकणं ही चैन नाही, शिकायची तेवढी एकच वाट असते त्यांना.

क्युबात सिगार वळणाऱ्या कामगारांना काम चालू असताना मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत १८६५ पासून आहे. हवानाच्या कारखान्यात वाचणारा उंच जागी बसायचा, सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी, आणि त्याचा पगार कामगार आपल्या पैशातून वर्गणी काढून द्यायचे. काय वाचायचं तेही कामगारच ठरवायचे. आपल्याकडे केरळात कण्णूरच्या विडी कामगारांत हेच होतं, एक जण पेपर वाचणार आणि बाकीचे त्याच्या वाटणीच्या विड्या वळून देणार. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आज्जीची फार आठवण आली. तिला सिनेमाची गाणी पाठ होती पण ती ज्या धंद्यात पन्नास वर्षं राहिली त्याचा कायदा, किमान मजुरी, प्रॉव्हिडंट फंड, यातलं काहीही तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं की मराठीत हे करायचं तर हिंजवडीच्या बसपुरतं करू नका. (रानजाई, राग मानू नकोस.) फोन आता विडी वळणाऱ्या बाईकडेही आहे, पोरीने लावून दिलेला असतो, इअरफोन असतो. तिला तास-तासभराचा नीट केलेला रिपोर्ताज ऐकायला वेळ तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त आहे.

रानजाई

राग कशाला, उलट मी हा धागा काढला तेव्हा हे डोक्यातच नव्हतं आणि आता तेच डोक्यात बसलंय.

ओवीबद्ध

कुणी 'परी' चा उल्लेख केला नाही म्हणून करते. पी. साईनाथांनी २०१४ च्या डिसेंबरात सुरू केलेलं ग्रामीण भारताचं संग्रहालय, रुरल इंडिया ऑनलाइन. त्यात मराठीतून लेख असतात आणि जात्यावरच्या ओव्यांचा अख्खा प्रकल्प आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या हजारो बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित आहेत, मुळशीकडच्या तर कितीतरी. लेखात बाईचं गाव, तिचं शेत, तिला किती मुलं, ती कधीपासून गाते, हे असतं आणि तिथेच तिचा आवाज ऐकता येतो.

मला याच्यात पत्रकारिता दिसते. नवऱ्याचा मार, माहेरची ओढ, आंबेडकरांचं नाव, दुष्काळ, सगळं बाई स्वतः सांगते. सोलापुरी_चादर म्हणतो ते लोक फक्त ऐकणारे नाहीत, सांगणारेही आहेत.

बीबीसी मराठीचा 'गोष्ट दुनियेची' पॉडकास्ट पण ऐका, एकेक आंतरराष्ट्रीय प्रश्न घेऊन तज्ज्ञांशी बोलून मांडलेला असतो, मराठी निवेदन स्वच्छ असतं. रिपोर्ताज नाही म्हणता येणार पण भाषा कानाला त्रास देत नाही.

सहज_सुचलं

स्पर्शलिपी, तुमचा मुद्दा मान्य, सवयीचा भाग मी धरलाच नव्हता. माझं म्हणणं आता एवढंच उरतं की ऑडिओसोबत मजकूरही द्यावा, म्हणजे ज्याला नाव तपासायचं त्याला तपासता येईल. दोन्ही एकाच पानावर. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर तुमचंही काम होईल.

माईकसमोर

मी निवेदनाची कामं करतो, जाहिराती, माहितीपट, आता ऑडिओबुक्स. २०१७ ला स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप इकडे आलं तेव्हापासून मराठी ऑडिओबुकला बरे दिवस आलेत, पण कथा-कादंबरी आणि चरित्रं जास्त, छोटा तपासाचा लेख कुणी घेऊन येत नाही. काही कामाच्या गोष्टी सांगतो.

तासाभराचं तयार ऑडिओ म्हणजे वाचन, चुका दुरुस्त करणं, परत ऐकणं धरून चार-पाच तास सहज जातात. खर्चाचं गणित तिथे आहे. स्टुडिओ लागतोच असं नाही. मी लॉकडाऊनमध्ये कपाटाचं दार उघडं ठेवून, आत लटकलेल्या साड्यांकडे तोंड करून आणि मागे गोधडी टांगून रेकॉर्डिंग केलंय आणि ते पास झालंय. पंखा बंद, फ्रीज बंद, आणि रात्री अकरानंतर, कारण त्याआधी कुठे ना कुठे प्रेशर कुकर असतोच.

वाचायच्या आधी लेखकाला फोन करायचा. मराठी रिपोर्ताजमध्ये गावांची, वस्त्यांची, आडनावांची नावं असतात आणि ती छापील अक्षरावरून कळत नाहीत. एका लेखात एका नदीचं नाव मी नकाशातलं वाचणार होतो, लेखकाने सांगितलं तिकडची माणसं असं म्हणतच नाहीत. गावच्या माणसाने पहिलं नाव चुकीचं ऐकलं की पुढच्या सगळ्या लेखावरचा त्याचा विश्वास उडतो.

आणि बोलीचं काय करायचं हा खरा अवघड प्रश्न. लेखात वऱ्हाडातला शेतकरी बोलतोय, लेखकाने त्याचं बोलणं वऱ्हाडीतच दिलंय, मी पुण्याचा. मी नक्कल केली तर त्या माणसाची टिंगल होते, सपाट वाचलं तर त्याचा ताल मरतो. मी करतो ते असं की शब्द जसेच्या तसे ठेवायचे, हेल उसना आणायचा नाही, फक्त त्या वाक्यांआधी छोटा श्वास घ्यायचा आणि आवाज थोडा खाली घ्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं आता दुसरं माणूस बोलतंय. पण उत्तम उपाय म्हणजे लेखकाने मुलाखतीच्या वेळी फोनवर रेकॉर्ड केलेलं असेल, परवानगी असेल, तर ती चार वाक्यं खरी लावावीत.

ओवीबद्ध

किंवा वऱ्हाडातला लेख वऱ्हाडातल्याच माणसाने वाचावा. अमरावती, अकोला, यवतमाळला उत्तम वाचणारे शिक्षक-शिक्षिका आहेत. सगळे निवेदक सदाशिव पेठी आवाजाचेच का असावेत?

माईकसमोर

अगदी मान्य. मला काम कमी मिळालं तरी मान्य.

जुना_श्रोता

परवानगीचा प्रश्न मात्र सोडवून घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. आजचा लेख वाचायचा तर लेखकाची आणि प्रकाशकाशी जो करार असेल त्याप्रमाणे त्यांचीही लेखी परवानगी हवी, तोंडी नको. सरावासाठी हक्क संपलेले घ्या. विष्णुभट गोडशांचा १८५७ चा प्रवास घ्या ना. वरसईचा भिक्षुक पैसे मिळवायला उत्तरेत जातो आणि बंडात सापडतो, झाशीत अडकतो, डोळ्यांनी पाहिलेले लिहून ठेवतो. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला. आपल्याकडचा पहिला दीर्घ वार्तांकनाचा नमुना म्हणा हवे तर. झाशी पडल्यानंतरची पाने वाचून दाखवताना आवाज सांभाळावा लागेल.

घाटमाथ्यावरून

डीटीपीवाल्या मित्राशी बोललो. म्हणाला जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदलायला कन्व्हर्टर आहेत, जोडाक्षरं आणि रफार मात्र हाताने तपासावे लागतात, एका लेखाला एक बैठक. त्याच्याकडे यंदाच्या अंकाचे दोन रिपोर्ताज आहेत, एक ऊसतोड कामगारांवर, एक कोकणातल्या खाणीवर. संपादक ओळखीचे आहेत. मी लेखकांची परवानगी मागतो, लेखी. तपासायला कोण बसेल?

सहज_सुचलं

मी बसतो. तपासणं मला जमतं.

रानजाई

मीपण. आणि ऊसतोडीचा लेख बीड किंवा नगरकडच्या कुणीतरी वाचावा, इथे आहे का कुणी त्या भागातलं? आधी पाच मिनिटं रेकॉर्ड करून पाठवलं तरी चालेल.

सोलापुरी_चादर

माझी मावसबहीण आष्टीला जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, आवाज खणखणीत. विचारतो. तिच्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर फडावर जातात, तिला हा लेख वाचताना काय होईल ते मला माहितीये, पण तीच वाचू दे.

स्पर्शलिपी

फार छान चाललंय. माझी एकच विनंती, एक तासाची सलग फाइल देऊ नका. लेखात जिथे मूळ विभाग पडलेत तिथे तोडा आणि प्रत्येक तुकड्याला भाग एक, भाग दोन असं न म्हणता त्या विभागाचं नाव द्या, 'कोयता', 'मुकादम', 'उचल' असं जे काही असेल ते. फोन हातात न धरता ऐकणाऱ्याला आपण कुठे होतो ते नावावरून सापडतं. आणि मजकुराची फाइल तयार झाली की आधी मला पाठवा, टॉकबॅक या फोनमधल्या स्क्रीन रीडरवर पूर्ण वाचून कुठे अडखळतं ते ओळीसकट सांगते.